खोबरेल लावलेला फिल्टर

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुमच्याशी अर्धंच खरं बोलले, म्हणून आज हे लिहायला बसले आहे. धाकट्याने विचारलं, "आजी, मी पाठवलेला फिल्टर ट्रकला अजून आहे ना?" मी पटकन "आहे, आहे" म्हटलं आणि तुमच्यासाठी भरून ठेवलेल्या कोकमाच्या आगळाकडे वळले. ताईच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती गालात हसली. मी सारा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं आणि प्रश्नाला बगल देणाऱ्या मुलांना वर्गात उभं केलं. या वयात मीच बगल दिली, हे मला दोन दिवस टोचत राहिलं. शिवाय गेल्या वर्षी परीक्षेमुळे ताई इकडे आलीच नव्हती, त्यामुळे तिला यातलं फारसं ठाऊक नाही. तेव्हा पहिल्यापासून सांगते.

ट्रकमामा हे नाव तुम्हीच ठेवलंत. मे महिन्यात आलात की ते तुम्हाला केबिनमध्ये बसवून हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत नेत आणि परत आणून सोडत. ते मूळचे संगमेश्वरकडचे. तुमच्या आजोबांनी नोकरी संपल्यावर ट्रक घ्यायचं ठरवलं तेव्हा सगळा पाखाडीवरचा शेजार हसला होता. फायली हाताळलेला माणूस, हा काय चिरे वाहणार? आजोबांनी एवढंच केलं, की चांगला ड्रायव्हर शोधला. चार जण येऊन गेले. चौघांनीही ट्रकभोवती फिरून आधी टायर पाहिले. मामांनी बॉनेट उघडायला सांगितलं आणि हवा कुठून आत जाते ते पाहिलं. आजोबा संध्याकाळी मला म्हणाले, माणूस मिळाला.

तेव्हापासून ते आजोबांना भाऊ म्हणत आणि मला वहिनी म्हणतात. आजोबा गेले, पहिला ट्रक जाऊन दुसरा आला, तोही आता जुना झाला, तरी ट्रक मीच ठेवला आहे आणि मामाच चालवतात.

हवेचं महत्त्व कळायला आमच्या चिऱ्याची धूळ पाहायला हवी. लांज्याच्या बाजूला ज्या चिरेखाणी आहेत, तिथे जांभा दगड यंत्राच्या गोल पात्यांनी कापून चिरे काढतात. ती लाल धूळ रांगोळीपेक्षा बारीक असते. ती भुवयांवर बसते, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात शिरते, डब्यातल्या भाकरीला लागते. माणूस निदान नाकाला रुमाल बांधतो. इंजिनाचा रुमाल म्हणजे फिल्टर. डिझेलपेक्षा कितीतरी जास्त हवा इंजिन ओढून घेत असतं, आणि त्या हवेबरोबर धूळ आत गेली की ती पिस्टन आणि त्याभोवतीचं नळकांडं घासत राहते. आपल्या ट्रकला कागदी फिल्टर आहे. पत्र्याच्या डब्यात बसणारं ते एक जाड नळकांडं असतं, आणि त्यात कागद साडीच्या निऱ्यांसारखा दुमडलेला असतो. मळला की फेकायचा आणि नवा घालायचा.

मामांची त्याबाबतची शिस्त मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे आणि अजून मला तिचं कौतुक वाटतं. खाणीत शिरताना ते वारा कुठून येतो ते पाहतात आणि ट्रक यंत्राच्या वरच्या अंगाला लावतात, म्हणजे धूळ ट्रकपासून लांब जाते. भरणं संपलं की लगेच इंजिन चालू करत नाहीत. धूळ खाली बसू देतात. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून शिव्या देतो, हे शांतपणे तंबाखू मळत असतात. इतर ड्रायव्हर फिल्टर काढून टायरवर आपटतात. मामा कधी आपटत नाहीत. आपटला की कडा वाकते, आणि वाकलेल्या कडेतून धूळ आत शिरते. ते हवेच्या पाइपने आतून बाहेर, लांबूनच, फुंकर घातल्यासारखी हवा मारतात. मग फिल्टर उन्हाकडे धरून आतून डोळा लावतात. सुईएवढा जरी उजेड दिसला तरी तो फिल्टर संपला.

आणि दर शनिवारची पांढऱ्या फडक्याची परीक्षा. ही आजोबांनी घालून दिलेली रीत. आजोबा घरात धोतर नेसायचे. जीर्ण झालेल्या धोतराचे ते चौकोनी तुकडे करून ठेवत. शनिवारी ट्रक घरी आला की मामा फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी सोडवायचे, बोटाला तो पांढरा तुकडा गुंडाळून नळीच्या आतून फिरवायचे आणि आजोबांना दाखवायचे. फडका पांढरा निघाला, की फिल्टर आपलं काम करतो आहे. त्यावर लाल उमटलं, की धूळ फिल्टर ओलांडून इंजिनापर्यंत पोहोचते आहे. दोघं गंभीरपणे त्या चिंधीकडे बघत उभे राहायचे. मी पडवीतून चहा घेऊन येताना म्हणायचे, निकाल काय लागला? मामा म्हणायचे, "पास."

आता माझी चूक. माझ्या चुका दोन आहेत, पण पहिली आधी सांगते.

मला टाकणं आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुधाच्या पिशव्या धुऊन मी दोरीवर लावते म्हणून तुमची आई हसते. पाठकोऱ्या कागदांच्या मी वह्या बांधते. तेव्हा दर थोड्या दिवसांनी एक धडधाकट दिसणारा फिल्टर कचऱ्यात जातो, हे मला सोसत नसे. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात मामा म्हणाले, आता नवा घालायला हवा. मी म्हटलं, हवा मारून अजून महिनाभर चालवा. ते "बरं" म्हणाले. महिन्यानंतर मी आणखी थोडे दिवस म्हटलं. ते पुन्हा "बरं" म्हणाले.

त्याच सुमाराला तुमचे बाबा आणि धाकटा आले. एका सकाळी दोघं निवळीकडून परत येत होते आणि पुढे आपलाच ट्रक भरून चढ चढत होता. मागून काळा धूर, आणि पायी चालणाऱ्या बाईने ट्रकला मागे टाकावं असा वेग. बाबा घरी आले ते ठरवूनच. इंजिन गेलं आहे, म्हणाले. आई, तुझं वय काय, हे लोढणं कशाला सांभाळतेस, पावसाळ्याआधी विकून टाक. त्यांचं बोलणं मायेचंच होतं. धाकट्याने मात्र बॉनेट उघडलं, फिल्टर बाहेर काढून पाहिला आणि म्हणाला, बाबा, आधी याला श्वास तर घेऊ द्या.

मामा तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवशी मी अंगणात तांदूळ निवडत होते तेव्हा ते अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, गाडी तुमची. विकलीत तर मी तोंड वाकडं करनार नाय," ते म्हणाले. "पन मग मला विरारला जावं लागेल. या वयाच्या मानसाच्या हातात नवीन गाडी कोन देतो? मुलाकडे चौथ्या मजल्यावर खिडकीत बसायचं आनि खालून जानाऱ्या गाड्या बघायच्या."

एवढंच बोलून ते निघून गेले. मी तांदूळ तसाच ठेवून बाबांकडे गेले. मी म्हटलं, मेअखेरपर्यंत वेळ दे. पावसाआधी एमआयडीसीजवळच्या गॅरेजातल्या मिस्त्रींकडून इंजिन तपासून घेऊ. इंजिनाने धूळ खाल्ली असेल तर विकू, नसेल तर ट्रक राहील. बाबांनी मान्य केलं. मिस्त्री निष्ठुर माणूस आहे, खोटं बोलणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

धाकट्याने तेवढ्यात आपलं इंजिनिअरिंग काढलं. धुऊन पुन्हा वापरायचे फिल्टर असतात, म्हणाला. सुती कापडाचे पदर, दोन्ही बाजूंनी बारीक जाळी, आणि कापडाला एक चिकट तेल. धूळ त्या तेलाला चिकटते. मळला की धुवायचा, सावलीत वाळवायचा, पुन्हा तेल द्यायचं, वर्षानुवर्षं चालतो. मला हे ऐकून इतका आनंद झाला की मी उठून टेप आणली. बाहेरचा घेर, आतलं भोक, उंची, सगळं मोजून मी वहीत लिहिलं. टेपचं एक टोक मामांनी धरलं होतं. त्यांना हा प्रकार नवीन नव्हता. आजोबांच्या पहिल्या ट्रकला कागद नव्हताच, हवा तेलाच्या भांड्यातून जायची, आणि खाणीच्या दिवसांत मामा ते भांडं दर दोन दिवसांनी धुवायचे. "धुवायचा फिल्टर चांगला," ते म्हणाले. "धुनारा सांभाळून पाहिजे." मला वाटलं ते स्वतःबद्दल बोलताहेत.

फिल्टर येईपर्यंत नवा कागदी घालावा असं मामांनी सुचवलं. मी म्हटलं, कशाला, येईलच आता. ते "बरं" म्हणाले.

धाकटा परदेशी परतला आणि तीन आठवड्यांनी त्याचं खोकं आलं. सोबत लाल तेलाची छोटी बाटली आणि इंग्रजी पुस्तिका. मी ती दोनदा वाचली, तिचं मराठी केलं, कोऱ्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात नऊ सूचना लिहिल्या आणि तो पुठ्ठा केबिनमध्ये टांगला. मामांनी फिल्टर बसवला आणि पहिल्याच दिवशी ट्रक निवळीचा चढ धूर न सोडता चढला. मामांनी परत आल्यावर मान हलवली. "मोकळी झाली," म्हणाले. शनिवारी फडका पांढरा निघाला. मी तुम्हाला फोन करून त्याचा फोटो पाठवला, आठवतं का? ताईने विचारलं होतं, आजी, ही चिंधी कसली?

मग दुसरी चूक सुरू झाली. मी फिल्टर दर रविवारी धुवायचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी मामांनी तो काढून द्यायचा, रविवारी सकाळी मी तो धुवायचा, मागच्या पडवीत सावलीला वाळवायचा, संध्याकाळी तेल द्यायचं आणि सोमवारी सकाळी तो ट्रकमध्ये जायचा. वेळापत्रक नीट होतं. कॅलेंडरवर रविवारी मी बारीक फुली करत असे. पहिल्या रविवारी पाणी लालभडक निघालं आणि मला फार समाधान वाटलं. दुसऱ्या रविवारी लाल तेलाची बाटली संपली.

आता इथे काय होतं ते तुम्हाला कळायला हवं, कारण परदेशात वाढलेल्या माणसाच्या हातून ही चूक व्हायचीच नाही. आपल्या घरात तेल म्हणजे खोबरेल. आपल्याच माडांचे नारळ, आपणच वाळवलेलं खोबरं, घाण्यावरून आणलेलं तेल. दार कुरकुरलं की खोबरेल, कुलूप अडलं की खोबरेल, शिवणयंत्राला खोबरेल, कोयतीला गंज चढू नये म्हणून खोबरेल, डोक्याला तर आहेच. माझ्या आईने हे केलं, तिच्या आईने केलं. बाटली रिकामी झाल्यावर मी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. फडताळातून बरणी काढली, वाटीत तेल घेतलं आणि केसांना लावावं तसं फिल्टरच्या पदरापदरातून बोटाने लावलं.

पुढच्या शनिवारी मामा फिल्टर घेऊन आले आणि पायरीवर बसले.

"वहिनी," ते म्हणाले, "गाडीला वास येतो खोबरेलाचा. खानीवरची पोरं विचारतात, मामा, आज वेनी कोनती घातलीत?"

मी हसले. लाल तेल संपलं, म्हणून घरचं लावलं, अगदी शुद्ध आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी फिल्टर हातात फिरवून पाहिला. वरच्या पदरांवरून बोट फिरवलं, मग खालच्या. बोटाकडे पाहिलं. मग मला विचारलं, नातवाकडून तसली बाटली पुन्हा मागवाल का? मी म्हटलं, मागवू की, घाई काय आहे. ते "बरं" म्हणाले.

त्यांचं हे "बरं" मी तोवर पंचवीसेक वर्षं ऐकत होते आणि ते सगळं एकाच अर्थाचं आहे असं धरून चालले होते.

एप्रिल गेला, मे आला. दर रविवारी मी फिल्टर धूत होते. आणि एक विलक्षण गोष्ट घडत होती. पाणी आता लाल निघत नव्हतं. जेमतेम गढूळ. मी तुम्हाला फोनवर अभिमानाने सांगितलं, बघा, नियमित स्वच्छतेचा परिणाम. शाळेतल्या मुलींना नखांबद्दल सांगायचे, त्याच सुरात सांगितलं. शनिवारचे फडकेही पांढरे निघत होते. मला खात्री झाली की मेअखेरची परीक्षा आपण पास होणार.

तपासणीच्या दिवशी मीही ट्रकमधून गॅरेजात गेले. सूचनांची पुस्तिका, मापांची वही, फुल्यांचं कॅलेंडर, सगळं एका फाइलमध्ये लावून नेलं होतं. बाबांनी सांगितलं होतं की मिस्त्रींना फोन द्यायचा, ते थेट बोलतील. मामांनी नवा सदरा घातला होता.

मिस्त्री माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला रोखठोक. त्यांनी चालू इंजिनाचं तेल घालायचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. धूळ खाल्लेलं इंजिन तिथून धाप लागल्यासारखी वाफ फेकतं, असं त्यांनी मला समजावलं. मग मीटर लावून एकेका सिलिंडरचा दाब बघितला. मी मिस्त्रींच्या तोंडाकडे पाहत होते, आणि मामा जमिनीकडे. शेवटी मिस्त्री हात पुसत म्हणाले, "कोणी सांगितलं इंजिन गेलं? हे अजून तुम्हाला दमवेल."

मग त्यांनी फिल्टरचा डबा उघडला. आत कागदी फिल्टर होता.

मी फाइल उघडून उभीच राहिले. सोमवारी सकाळी माझ्या डोळ्यांदेखत मामांनी माझा धुतलेला फिल्टर त्या डब्यात बसवला होता. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे.

"मामा," मी म्हटलं, "मग दर रविवारी मी काय धूत होते?"

"फिल्टरच धूत होतात, वहिनी," मामा म्हणाले. "मळलेला नव्हता एवढंच."

मिस्त्री हसून हसून बाकड्यावर बसले. मामा हसले नाहीत. ते केबिनमध्ये चढले, सीटखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. आत आजोबांच्या धोतराचा एक तुकडा होता, घडी घातलेला. उलगडला तर मध्यभागी लाल चट्टा, कुंकू सांडल्यासारखा.

मग सगळं कळलं. खोबरेल लावलं त्याच आठवड्यात मामांनी शनिवारची वाट न पाहता बुधवारी फडका फिरवून पाहिला होता, आणि तो असा निघाला. खोबरेल पातळ. इंजिनाच्या उष्णतेने ते आणखी पातळ होऊन खाली उतरलं, वरचे पदर कोरडे पडले आणि धूळ मोकळी वाट मिळाल्यासारखी आत गेली. मामांनी तिथेच, खाणीतून बाहेर पडून, सीटखाली ठेवलेला नवा कागदी फिल्टर घातला. हिवाळ्यात मी "येईलच आता" म्हटलं, त्याच दिवशी त्यांनी तो लांज्याहून आणून ठेवला होता. शनिवारी येऊन वासाची थट्टा करून पाहिली, दुसरी बाटली मागवायचं सुचवून पाहिलं. मी ऐकलं नाही. तेव्हापासून दर सोमवारी ते माझ्यासमोर माझा फिल्टर बसवायचे, हातखंब्याला चहाला थांबायचे आणि तिथे तो काढून कागदी घालायचे. शनिवारी परत येताना पुन्हा हातखंब्याला चहा.

मी विचारलं, मला स्पष्ट का नाही सांगितलंत? मामा म्हणाले, नातवाने हौसेने पाठवलेला, तुम्ही एवढं सुंदर अक्षरात लिहून दिलेलं. आणि तुम्ही साहेबांशी काही लपवणार नाही हे मला ठाऊक. नवीन फिल्टरनेही धूळ जाते म्हणून सांगितलं असतंत, तर ते म्हणाले असते, विका. साहेब म्हणजे तुमचे बाबा.

"पण हिवाळ्यात माझं ऐकलंत," मी म्हटलं. "तेव्हाही माझं चुकतच होतं. तेव्हा का नाही बदललात?"

त्यावर ते जे बोलले ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं आहे. "कोंदलेला फिल्टर गाडीला दमवतो, वहिनी. दमली तर दमली, तुमचा शब्द राहिला. पन गळका फिल्टर गाडीला मारतो. तिथं मी कोनाचं ऐकनार नाय. भाऊ असते तरी ऐकलं नसतं."

बाळांनो, मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली आहेत. मुख्याध्यापक, तपासणीला येणारे अधिकारी, इंग्रजीत व्याख्यानं देणारे. कुठे मान तुकवायची आणि कुठे नाही, याची इतकी स्वच्छ रेघ आखलेला माणूस मला दुसरा भेटला नाही. आणि ती रेघ आखून त्यांनी मला लाज वाटू दिली नाही. लाज मला माझ्याच अक्षराने आणली. परतताना केबिनमध्ये माझा पुठ्ठा समोर लटकत होता. सूचना तिसरी: जाळी धुळीने झाकली जाईपर्यंत फिल्टर धुऊ नये. सूचना सातवी: सोबतच्या तेलाखेरीज दुसरं कोणतंही तेल वापरू नये. इंग्रजीतून मराठीत मीच आणलेल्या सूचना. खाली रेघसुद्धा ओढली होती, लाल शाईने. मामांना मराठी उत्तम वाचता येतं. दोन महिने ती सूचना त्यांच्या नाकासमोर होती, आणि त्यांनी एकदाही तिच्याकडे बोट दाखवलं नाही.

बाबांना मी त्याच दुपारी फोन केला आणि सगळं सांगितलं, काळ्या धुराचं कारण म्हणजे माझी काटकसर होती हेही. मिस्त्रींनीही निकाल सांगितला. बाबा म्हणाले, आई, ट्रक राहू दे, पण मामांना सांग, तुझ्यावरही एक फिल्टर बसवायला. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "तो कागदी चालनार नाय."

त्यानंतर एका सकाळी मी आणि मामा पडवीत बसलो आणि कोणता फिल्टर ठेवायचा ते ठरवलं. मला वाटलं होतं ते धाकट्याचा फिल्टर बाजूला ठेवायला सांगतील. पण ते म्हणाले, त्या फिल्टरचा काय दोष? त्याला हवं ते तेल मिळालं नाही. मग त्यांनी वर्षाचे दोन भाग केले. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत चिऱ्याची कोरडी धूळ, तेव्हा कागदी. मळला की मामा म्हणतील त्या दिवशी बदलायचा, आणि मी "अजून थोडे दिवस" म्हणायचं नाही. पावसात खाणी पाण्याने भरतात, चिरा बंद. तेव्हा ट्रक आंबा घाटातून कोल्हापूरच्या पेंडीच्या आणि किराणा मालाच्या फेऱ्या करतो. धूळ नाही, पण हवा ओलीचिंब, आणि कागद ओलसर झाला की लगदा होतो. तेव्हा धुवायचा फिल्टर, कापडाचा आणि तेलाचा. तो वर्षातून दोनदाच धुवायचा. एकदा मेअखेरीस, बसवायच्या आधी, आणि एकदा पाऊस संपल्यावर, ठेवून देताना. दोन्ही वेळा मागच्या पडवीत वाळवायला कोरडी हवा मिळते. मी आयुष्यात पुष्कळ वेळापत्रकं केली, यापेक्षा चांगलं एकही नाही.

धाकट्या, तू लाल तेलाच्या आणखी दोन बाटल्या पाठवल्यास, त्या याचसाठी मागितल्या होत्या. तेव्हा मी कारण सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

तर तुझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असं. तुझा फिल्टर आज ट्रकला आहे, कारण श्रावण आहे. दिवाळीनंतर तो नसेल, तेव्हा तो खोक्यात घालून, वर तारीख लिहून, आजोबांच्या कपाटात ठेवला जाईल. सूचनांचा पुठ्ठा अजून केबिनमध्ये आहे. मी तो काढायला गेले होते, मामांनी काढू दिला नाही. ट्रक आज सकाळीच साखरपा मार्गे आंबा घाटाकडे गेला आहे, मामाच चालवताहेत. आजोबांच्या धोतराचे अकरा तुकडे शिल्लक आहेत.